साडेएकोणीस अंशांचा चढ

फिरके सरांनी माझा कागद हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवला, कागद लांब धरून वाचला आणि परत माझ्या मांडीवर ठेवला.

"गणित बरोबर आहे," ते म्हणाले. "पण त्याचं काय करायचं?"

"सर, रॅम्पचा चढ साडेएकोणीस अंश आलाय. पाच अंशांच्या आत पाहिजे."

"हे बघ नेहेते, पुस्तकात शिडी भिंतीला टेकलेली असते ना, ती पुस्तकातली शिडी. तिच्यावर कुणी चढत नाही. हा बांधकामाचा विषय आहे. त्यात आपण पडू नये."

हा माणूस बावीस वर्षं त्रिकोणमिती शिकवत होता. दरवर्षी त्यांच्या पेपरात एक दीपस्तंभ यायचा आणि त्याच्या टोकावरून दिसणारी एक होडी. आमच्या तालुक्यापासून समुद्र तीन-चारशे किलोमीटर. दीपस्तंभ सरांनीही पाहिला नसावा. पण त्यांच्या वर्गाच्या खिडकीतून सरळ दिसणारा, सिमेंटचा, ओला, काटकोन त्रिकोण त्यांना दिसत नव्हता.

"सर, तुम्ही प्राचार्यांना एकदा सांगाल का?"

"मी?" सरांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "परवा समिती येतेय बाळा. आत्ता कुणी काही सांगत नसतं."

ही गोष्ट दोन हजार एक सालची. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. दोन वर्षांची असताना पोलिओने माझे दोन्ही पाय नेले. एका शिबिरात मिळालेली अठरा किलोची चाकाची खुर्ची माझ्याकडे होती आणि कॉलेजच्या दाराशी पाच पायऱ्या होत्या. रोज सकाळी माझे वडील, अण्णा, मला उचलून त्या पायऱ्या चढायचे, वर बाकावर बसवायचे, खाली येऊन खुर्ची वर न्यायचे. संध्याकाळी हेच उलटं. अण्णा त्याच कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते. चौदा वर्षं हंगामी. दर जूनमध्ये नवी ऑर्डर निघायची आणि दर जूनमध्ये अण्णा ती देवासमोर ठेवायचे.

ते मला दोन वर्षं उचलत होते, ते सगळ्या कॉलेजने पाहिलं. प्राचार्य धांडे सर तर अनेकदा पायऱ्यांवर भेटायचे आणि "वा, नेहेते, बाप असावा तर असा!" म्हणून बाजूने निघून जायचे. त्या दोन वर्षांत रॅम्प कुणाच्या मनात आला नाही. मग पत्र आलं की कॉलेजला दर्जा देणारी समिती येणार आहे आणि तिच्या फॉर्मात एक रकाना आहे: अपंग विद्यार्थ्यांसाठी सोय. त्या रकान्यासाठी रॅम्प अकरा दिवसांत उभा राहिला. माझ्यासाठी दोन वर्षांत नाही, चौकोनातल्या एका बरोबरच्या खुणेसाठी अकरा दिवसांत.

पाच पायऱ्या, प्रत्येक सहा इंचांची, म्हणजे उंची तीस इंच. एक फूट चढायला बारा फूट लांबी हवी, हा साधा हिशोब खुर्ची देणाऱ्या शिबिरातल्या डॉक्टरांनीच मला सांगितला होता. म्हणजे रॅम्प तीस फूट लांब व्हायला हवा. झाला सात फूट. कारण सात फुटांपुढे संस्थापकांच्या अर्धपुतळ्याभोवतीची गोल बाग होती. भिंतीला लागून वळवता आला असता, पण तिथे प्राचार्यांची गाडी सावलीत उभी राहायची.

टेप मी आणि अण्णांनीच लावली होती. लॉगटेबल उघडून कोन मी काढला. अण्णा वाकून वहीत बघत होते. त्यांना आकडे कळत. प्रयोगशाळेत चौदा वर्षं त्यांनी मुलांचे चुकलेले प्रयोग मागून नीट करून दिले होते.

"तीस इंच भागिले चौऱ्याऐंशी," मी म्हणाले. "टॅन शून्य पूर्णांक छत्तीसच्या जवळ. साडेएकोणीस. अण्णा, हा रॅम्प नाही, ही घसरगुंडी आहे."

"हळू बोल," अण्णा म्हणाले.

फिरके सरांकडून निघाल्यावर अण्णांनी मला खाली आणून सोडलं आणि मी थेट धांडे सरांकडे गेले. ते खालीच, ओल्या रॅम्पला पिवळे-काळे पट्टे मारून घेत होते.

"ये शैलजा! बघ, तुझ्यासाठी काय केलंय."

मी कागद पुढे केला. सरांनी तो घेतला नाही.

"सर, चढ फार जास्त आहे. मला एकटीला चढता येणार नाही. उतरताना तर खुर्ची ताब्यात राहणार नाही."

"अगं, चढ असल्याशिवाय चढणार कशी?" सर हसले. रंगारीही हसला. "आणि एकटीने चढायचं कशाला? आपले चार एन.एस.एस.चे विद्यार्थी आहेत ना."

"मग पायऱ्यांवरूनच उचलतील की सर. रॅम्प कशाला?"

हसू गेलं. सरांनी रंगाऱ्याला पलीकडची कड मारायला सांगितलं आणि माझ्या खुर्चीजवळ वाकून हळू आवाजात म्हणाले, "तुझ्या वडिलांच्या कायम होण्याची फाईल या महिन्यात संस्थेच्या बैठकीत ठेवतोय मी. समितीचं काम चांगलं झालं की सगळ्यांचंच चांगलं होतं. कळलं ना?"

कळलं. इतकं स्वच्छ तर फिरके सरांनी मला कधी काही शिकवलं नव्हतं.

घरी अण्णांना सांगितलं. ते पाटावर बसून जेवत होते. भाकरीचा तुकडा ताटातच राहिला.

"शैला, दहा मिनिटांचं काम आहे," ते शेवटी म्हणाले. "पोरं ढकलतील, तू वर जाशील. दुसऱ्या दिवसापासून मी आहेच ना तुले उचलायले."

"आणि तुम्ही नसाल तेव्हा?"

"तेव्हाचं तेव्हा." मग म्हणाले, "आपल्यासाठी कोणी काही केलं तर नावं ठेवू नये बाई. केलं हेच खूप."

अण्णांचं आयुष्य या एका वाक्यावर चाललं होतं. मला त्या वाक्याचा राग यायचा, पण त्या वाक्याचंच जेवण मी जेवत होते, हेही खरं.

मार्चमध्ये समिती आली. तिघं जण होते. दोन पुरुष, त्यांना गुलाबाचे हार आणि फेटे आवडले. तिसऱ्या एक बाई होत्या, पन्नाशीच्या, सुती साडीतल्या, हातात स्वतःची वही. बँड वाजला. चार मुलांनी माझी खुर्ची मागून धरली. शिपाई सुपडूभाऊ पुढून दोरीने ओढत होते, पण फोटोत दोरी येऊ नये म्हणून ती माझ्या पदराखालून घेतली होती. त्यासाठी मला मुद्दाम साडी नेसवली होती. मधे एकदा चाक अडलं, मुलांपैकी एकाने शिवी हासडली, आणि मी वर पोहोचले. टाळ्या झाल्या. वर तर जेमतेम खुर्ची मावेल एवढी जागा होती आणि दार बाहेर उघडणारं. ते उघडायला मला पुन्हा रॅम्पच्या टोकावर मागे सरकावं लागलं. त्या वेळी मागच्या मुलांनी खुर्ची कशी धरून ठेवली ते त्यांच्या घामावरून कळत होतं.

आत गेल्यावर त्या बाई माझ्याजवळ आल्या.

"नाव काय बाळ?"

"शैलजा नेहेते."

"एरवीही तू यावरूनच येतेस?"

"हो."

"एकटी? मदतीशिवाय?"

प्राचार्य चार पावलांवर होते. त्यांच्या मागे, भिंतीला टेकून, धुतलेला शर्ट घातलेले अण्णा. ते माझ्याकडे बघत नव्हते. खाली, आपल्याच चपलांकडे बघत होते.

"हो," मी म्हणाले. "मी एकटी चढते."

बाईंनी वही उघडली. मला वाटलं आता वहीतून डोकं वर करतील आणि म्हणतील, बरं, मग चढून दाखव. त्यांनी तसं म्हटलं असतं तर मी सुटले असते. त्यांनी लिहून घेतलं.

दोन दिवसांनी जिल्ह्याच्या पेपरात फोटो आला. खाली मजकूर होता: 'आता मला कुणाच्या आधाराची गरज नाही, असे अपंग विद्यार्थिनी शैलजा नेहेते हिने अभिमानाने सांगितले.' एवढं मी बोलले नव्हते. पण जेवढं बोलले होते त्याच्यावर एवढं बांधता येतच होतं. कॉलेजला वरचा दर्जा मिळाला. संस्थेच्या बैठकीत अण्णांची फाईल पुढच्या बैठकीत ठेवायचं ठरलं. आणि तिसऱ्या दिवसापासून अण्णा मला पूर्वीसारखेच पायऱ्यांवरून उचलून नेऊ लागले. रॅम्पवर मुलं मोटारसायकली लावू लागली. उतारावर किक न मारता गाडी सुरू होते, असं एकाने मला कौतुकाने सांगितलं. रॅम्पचा खरा उपयोग कळलेला तो कॉलेजातला पहिला माणूस.

जूनमध्ये प्रवेश सुरू झाले. मी बाहेर आवारात, ऑफिसच्या खिडकीसमोर नव्या मुलांचे फॉर्म तपासायला बसले होते. तापीकाठच्या एका गावाहून एक मुलगी आईबरोबर आली होती. हाताने चालवायची तीनचाकी सायकल आई ढकलत होती आणि मुलगी स्वतः हाताने फिरवत होती. तिचे दंड बघून मला माझ्या काड्यांची लाज वाटली.

"ताई, ह्या तुम्हीच ना?" तिने प्लास्टिकच्या पिशवीतून पेपरचं कात्रण काढलं.

"हो."

"मी प्रमिला सपकाळे. बी.ए.ला नाव टाकते आहे. आई म्हणत होती, बारावी झाली तेवढी पुरे, रोज कोण उचलेल तुला? मग हा फोटो आला." तिने कात्रणावरून बोट फिरवलं. "खरंच एकट्या चढता?"

शेजारी अण्णा होते. खिडकीत कारकून होता. तिची आई माझ्याकडे अशी बघत होती की मी जे बोलेन तेच होणार.

"सुरुवातीला कुणीतरी सोबत घे," मी म्हणाले.

"तुम्हाला लागलं होतं कोणी?"

मी फॉर्मवर तिचं नाव दुसऱ्यांदा तपासलं. "सवय व्हावी लागते," म्हणाले.

"मग मलाही होईल," प्रमिला म्हणाली.

तिला सरकारी योजनेतून नवी खुर्ची मिळाली होती. कॉलेज सुरू झालं त्या दिवशी ती पहिल्या बसने आली. सव्वासातला. आवारात कुणी नव्हतं. पहिल्याच दिवशी आपली फजिती कुणी बघू नये, म्हणून ती लवकर आली होती. मुद्दाम मोकळ्या वेळेला. रॅम्पवर तेव्हा मोटारसायकली नव्हत्या, हेसुद्धा तिचं दुर्दैवच.

मी आणि अण्णा आठला पोहोचलो तेव्हा सुपडूभाऊ दारात उभे होते. त्यांनी झाडूसुद्धा हातातून ठेवला नव्हता.

"चढली वो पोरगी," ते म्हणाले. "मी त्या टोकाले झाडू ऱ्हायलो होतो. देवाशपथ, चढली वरपर्यंत! आणि वर जाऊन दार ओढलं. दार उघडाले एक हात सोडला ना तिनं."

खुर्ची सात फूट उलटी आली आणि संस्थापकांच्या बागेच्या कठड्यावर आदळली. उजवा कोपर फुटला. तीन तुकडे. ज्याचे पाय चालतात त्याचा हात मोडला तर हात मोडला. प्रमिलाचा हात मोडला म्हणजे तिचा पायही मोडला.

आठवड्यानंतर चौकशी नेमली. समितीने दिलेल्या दर्जाला धक्का लागू नये, ही काळजी होती. अध्यक्ष प्राचार्य धांडे, सदस्य फिरके सर आणि संस्थेचे एक संचालक. बुधवारी संध्याकाळी अण्णा एक टाइप केलेला कागद घेऊन घरी आले. साक्षीदार म्हणून त्यांची सही हवी होती. त्यांनी तो माझ्यासमोर ठेवला आणि मोठ्याने वाच म्हणाले.

मी वाचलं. "सदर विद्यार्थिनीने कोणाचीही मदत न घेता निष्काळजीपणे रॅम्पचा वापर केला. याच रॅम्पचा वापर कु. शैलजा नेहेते ही गेले चार महिने एकटीने, विनातक्रार करीत असून, रॅम्पमध्ये कोणताही दोष नाही."

अण्णांनी कागदाची घडी घातली. माझं 'हो' किती दूर गेलं होतं ते आम्हा दोघांना दिसत होतं. पहिल्यांदा ते प्रमिलाच्या गावी गेलं, तिला घेऊन आलं. आता तेच तिच्या अंगावर परत घालणार होते.

"सही करणार?" मी विचारलं.

"तू सांग."

"मी नाही सांगत अण्णा. माझं सांगून झालंय. मार्चमध्ये."

ते उठले, चपला घातल्या आणि बाहेर गेले. तासाभराने आले तेव्हा त्यांच्या हातात कापडात गुंडाळलेलं काहीतरी जड होतं. मी विचारलं नाही.

गुरुवारी चौकशी प्राचार्यांच्या खोलीत होती. म्हणजे पाच पायऱ्या वर. मला साक्षीला बोलावलं होतं. अण्णा सवयीने वाकले.

"नको," मी म्हणाले. "आज त्यांना खाली येऊ दे."

सुपडूभाऊ निरोप घेऊन वर गेले. दहा मिनिटांनी तिघं उतरले. कडुलिंबाखाली खुर्च्या मांडल्या. धांडे सरांच्या कपाळावर आठ्या होत्या. संचालक रुमालाने खुर्ची पुसत होते. एकदा पाच पायऱ्या उतरावं लागलं याचं केवढं दुःख त्या तिघांच्या तोंडावर होतं!

"बोल," धांडे सर म्हणाले. "तू रॅम्प नियमित वापरतेस?"

"नाही सर. एकदाच वापरला. चार मुलं मागून ढकलत होती आणि सुपडूभाऊ पुढून दोरी ओढत होते. मी समितीला खोटं सांगितलं."

संचालकांचा रुमाल थांबला.

"म्हणजे तू समितीची फसवणूक केलीस?" सर म्हणाले. "याचे परिणाम ठाऊक आहेत? तुझी परीक्षा, तुझं वर्ष—"

"केली सर. माझ्या तोंडाने केली. ते मी लिहून देते. कोनही लिहून देते." मी तोच मार्चमधला कागद पुढे केला.

"कोन, कोन!" संचालक वैतागले. "अहो, हिला पुस्तकातलं काहीतरी वाटतंय. थोडा चढ असेल, बाकी काय?"

तेव्हा अण्णा पुढे आले. त्यांनी कापड सोडलं. आत लोखंडी लटकता काटा होता, केळीचे घड तोलतात तसला, पन्नास किलोचा. केळीच्या वखारीतून तो त्यांनी रात्री मागून आणला होता. कुणाला न विचारता त्यांनी माझी खुर्ची रॅम्पच्या मध्यावर नेली, सुपडूभाऊंना मागे उभं केलं, काट्याचा आकडा खुर्चीच्या दांडीत अडकवला आणि वर उभं राहून काटा उताराच्या रेषेत ताणून धरला.

"सुपडू, हात काढ," ते म्हणाले.

सुपडूभाऊंनी हात सोडले. मी त्या काट्यावर तोलले गेले.

"वाचा साहेब," अण्णा म्हणाले. "ती बेचाळीस, खुर्ची अठरा. मिळून साठ. काटा काय दाखवतो?"

कुणी उठलं नाही. मग फिरके सर उठले. सावकाश रॅम्पजवळ आले, चष्मा कपाळावर नेला.

"वीस," ते म्हणाले.

"वीस किलो. केळीचा एक भरलेला घड. तो एका हातात तोलून त्या पोरीनं दुसऱ्या हातानं दार उघडायचं. ती तर हिच्यापेक्षा वजनाला जास्त. तीस फुटांचा केला असता तर किती आलं असतं सर?"

फिरके सरांनी क्षणभर डोळे मिटले. "पाच," ते म्हणाले. मग खिशातून पेन काढून माझ्या कागदावर, माझ्याच आकड्यांखाली, त्यांनी पुन्हा एकदा भागाकार केला. उत्तर तेच आलं. त्यांनी त्याखाली रेघ ओढली आणि कुणी न सांगता सही केली. बावीस वर्षांत त्यांनी जिवंत माणसावर त्रिकोणमिती पहिल्यांदा वापरली असावी. त्यानंतर ते खाली बसले ते एकदम म्हातारे दिसत होते.

धांडे सरांनी काट्याकडे बोट केलं. "हा काटा प्रमाणित आहे का?"

हा त्यांचा प्रश्न. मी गेल्या पंचवीस वर्षांत पुष्कळ मूर्ख माणसं पाहिली, पण मूर्खपणाचा एवढा अभ्यास असलेला माणूस पाहिला नाही.

अण्णांनी टाइप केलेला कागद खिशातून काढला, घडी उलगडली आणि सरांसमोर ठेवला. सहीची जागा कोरी होती.

पुढचं थोडक्यात. अहवाल आला, 'चढ किंचित अधिक आढळतो, तथापि विद्यार्थिनीनेही दक्षता घेणे आवश्यक होते.' रॅम्पच्या खालच्या टोकाला साखळी लागली. मी त्या समितीला पत्र लिहिलं; मूल्यांकनाची मुदत संपली असल्याने विचार करता येत नाही, असं दोन ओळींचं उत्तर आलं. त्या वर्षी अण्णांची नवी ऑर्डर निघालीच नाही. त्यांनी बाजारात काटे दुरुस्तीचं दुकान टाकलं आणि मरेपर्यंत चालवलं. देवासमोर ठेवायला मग काही उरलं नाही, असं ते म्हणायचे, पण हसून. माझं तिसरं वर्ष मी सुपडूभाऊंच्या पाठीवरून पूर्ण केलं. आठ वर्षांनी दुसरी समिती यायची होती तेव्हा भिंतीला लागून तीस फुटांचा रॅम्प झाला. त्याच्या उद्घाटनाला मला बोलावलं होतं. मी गेले नाही. आज मी इमारतींचे उतार तपासून देण्याचं काम करते. साहेब मंडळी मला कंजूष म्हणतात, कारण मी अर्धा अंशही सोडत नाही.

पण चौकशीनंतरच्या रविवारचं सांगायचं राहिलं.

मी आणि अण्णा बसने प्रमिलाच्या गावी गेलो. अण्णांनी मला आत बसवलं आणि ते बाहेर ओट्यावर थांबले. प्रमिला आतल्या खाटेवर होती. हात खांद्यापासून प्लॅस्टरमध्ये. मला बघून ती कशीबशी उठून बसली.

"ताई, तुम्ही कशाला आलात एवढ्या लांब?" ती म्हणाली. "चूक माझीच होती. मला वाटलं होतं माझ्या दंडात पुष्कळ दम आहे. नाहीये. तुम्ही एवढ्याशा, तुम्ही चढता. मी ठरवलंय, प्लॅस्टर निघालं की सराव करायचा. आई रोज दूध देते आहे."

तीन आठवडे ती पोरगी स्वतःच्या दंडांना दोष देत पडली होती.

मी सांगितलं. चार मुलं, दोरी, साडी, अण्णांची फाईल, सगळं. प्रवेशाच्या दिवशी 'सवय व्हावी लागते' म्हणाले तेही. ती ऐकत होती. तिची आई चुलीपाशी होती, तिचा हात थांबला.

"मी चौकशीत सगळं खरं सांगितलं प्रमिला," मी म्हणाले. "त्यांच्या तोंडावर. अण्णांनी काटा लावून दाखवला. फिरके सरांनी सही केली."

मी काय ऐकायला गेले होते ते आता सांगायची लाज वाटते. मला वाटत होतं ती रडेल, माझा हात धरेल.

"कधी होती चौकशी?" तिने विचारलं.

"गुरुवारी."

"आज रविवार." ती प्लॅस्टरकडे बघत राहिली. "म्हणजे त्यांना आधी सांगितलं. मला शेवटी."

तिने माझ्याकडे बघितलं.

"तुम्हाला ठाऊक होतं ना ताई? मी तुमच्यासमोर कात्रण धरून उभी होते. तेव्हा तिथे माझ्याशिवाय कोणाला खरं ऐकायचं होतं?"

ती आडवी झाली आणि भिंतीकडे तोंड केलं. तिच्या आईने मला पाणी दिलं, चहा काही विचारला नाही. तिने पुढे बाहेरून बी.ए. केलं, पतपेढीत लागली, एवढं मला सुपडूभाऊंकडून कळत गेलं. ती माझ्याशी पुन्हा बोलली नाही.

परतीच्या बसथांब्यावर अण्णांनी मला पारावर टेकवलं, घाम पुसला आणि विचारलं, "काय म्हणाली?"

"जे बरोबर तेच म्हणाली," मी सांगितलं.